काहिलीतली आंघोळ

"ही बाई काय आजारी दिसत न्हाई," आप्पा म्हणाले.

बरणीवर चित्र होतं. एक गोरी बाई पांढऱ्या टबात गळ्यापर्यंत फेसात बुडून, डोळे मिटून, मान मागं टाकून निवांत पडली होती. मी बरणी आप्पांच्या नाकासमोर धरली होती आणि ते बाजल्यावर पडल्या पडल्या तिच्याकडं संशयानं बघत होते.

"आजारी न्हाईच ती," सर्जादादा म्हणाला. "बरी झालीया. ह्ये घातल्यावर."

"मग आदीचा फोटू कुठाय?"

लकव्यानं आप्पांचा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, तोंड डावीकडं ओढलं होतं. जीभ जराशी बोबडी झाली, पण धार गेली नव्हती. आई म्हणायची, देवाला अर्धा माणूस न्यायचाच होता, तर नेमकं हे अर्धं मागं कशाला ठेवलं?

बरणी आली होती मस्कतहून. आमचे विलासदाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक, तिथं मोठ्या हॉटेलात कपडे धुवायच्या खात्यात होते. गावाकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी ती पाठवली होती आणि निरोप एवढाच, 'आप्पांस्नी द्या, लई गुणाचं हाय.' द्या म्हणजे कुठून द्या, ते निरोप आणणारा विसरला होता.

आत जांभळे जांभळे खडे. झाकण उघडलं की असा वास, जणू अत्तराच्या दुकानात कुणीतरी फिनेल सांडलंय. आता इतक्या वर्षांनी तसली बरणी कोल्हापुरातल्या मॉलात ढिगानं मिळते. माझी लेक एकदा उचलून बास्केटात टाकायला लागली, तर मी तिच्या हातावर चापट मारली. का, ते तिला कळलं नाही.

तर घरात कॉलेजात जाणारी मी एकटी, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. अर्धं अरबीत होतं. उरलेल्या इंग्रजीत मला ओळखीचे शब्द दिसले ते बाथ, सॉल्ट, मसल आणि पेन.

"आंघोळीचं मीठ हाय," मी म्हणाले. "अंगदुखी जाती असं लिवलंय."

"अंगाला मीठ?" आई चुलीपासनं ओरडली. "मीठ लावून ठिवत्यात ती कैरी! माणूस न्हवं!"

"हौसे, कैरीचं निदान लोणचं तरी हुतं," आप्पा म्हणाले. "माझं काय हुतंय?"

आमचे आप्पा म्हणजे केरबा गुळव्या. आमच्याकडं ऊस कुणीही गाळतं, रस कुणीही उकळतं. पण उकळत्या रसाची काहील चुलाणावरनं नेमकी कधी उतरायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. एक श्वास आधी उतरली तर काकवी, एक श्वास उशिरा उतरली तर कोळसा. आप्पा उजवा हात गार पाण्यात बुडवायचे, सळसळत्या पाकातला थेंब बोटांवर घ्यायचे, चोळायचे आणि म्हणायचे, "हां." त्या 'हां'वर सगळं गुऱ्हाळ हलायचं. दादा त्याच गुऱ्हाळात चुलाणात जाळ घालायला होता. आणि लकवा आला तो नेमका त्या उजव्या हाताला. डाव्या बाजूला यायला काय हरकत होती, असं आईनं ज्योतिबाच्या डोंगरावर जाऊन देवाला समोरासमोर विचारलं. देव काय बोलणार?

गुऱ्हाळाचे मालक रावसाहेब चौगले. वाईट माणूस नव्हते. आले, बाजल्याशेजारी बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "केरबा, दसऱ्याला चुलाण पेटतंय. तवर उठलास, तर तुजी जागा तुलाच. न्हाईतर मुरगूडचा गुळव्या आणावा लागंल मला. वाईट वाटून घिऊ नगंस."

आप्पांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी फक्त जेवण सोडलं.

डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं, की हात परत येईलसं वाटत नाही. मग तेलं झाली. अंगारे झाले. कबुतराचं रक्त चोळून झालं, आणि गावात कबुतरं दिसेनाशी झाली तेव्हा ही बरणी आली. स्टँडावर उरलेलं माणूस ज्या नजरेनं शेवटच्या गाडीकडं बघतं, तशी आई त्या बरणीकडं बघत होती. कैरीचं बोलली ते तोंडानं. डोळे बरणीवरच होते.

आता औषध म्हटलं की गावात निवृत्ती कंपौंडर आलाच. सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेला, आणि डॉक्टर मेले तरी आपलं काही अडत नाही अशा समजुतीचा. त्यानं बरणीत बोट घातलं, चाटलं, टाळूला लावून डोळे मिटले.

"म्याग्नेशियम," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"जुलाबाचं मीठ. आमच्याकडं पोती यायची ह्येची. ह्या बायकांना फ्याशन म्हणून टबात टाकत्यात, पर मूळ वस्तू पोटात घ्यायची. केरबा, तुला झालंय काय? अर्धांगवायू. म्हंजी मूळ दुखणं वायूचं. पोट साफ, की वायू साफ. वायू साफ, की अंग मोकळं!"

"आन बरणीवरची बाई पाण्यात बसलीया ती?" मी विचारलं.

"तिला नळ सोडून बसाय लागलं आसंल," कंपौंडर म्हणाला. "जुलाबच तसला हाय."

एक चमचा, कोमट पाण्यात, अनशापोटी. पुढच्या दोन दिवसांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. उठता न येणाऱ्या माणसाला जुलाब देणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्याला माहीत, आणि ज्यानं केलं नाही त्याला देव सुखी ठेवो. एवढंच सांगते, की आप्पांना ढेकर आला की खोलीत फुलांचा वास यायचा आणि तोंडातनं बुडबुडा निघायचा. शेजारची पोरं तो बघायला खिडकीला लटकायची.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन लागला.

"पाजलं?" दाजी मस्कतहून इतक्या जोरात ओरडले, की फोन नसता तरी चाललं असतं. "आवो, पाण्यात टाकून बशिवत्यात माणसाला! टबात! हितं शेख लोक घटकाघटका बसत्यात. म्हातारं म्हातारं शेख. बसताना वाकडं, उठताना सरळ!"

"बसताना वाकडं, उठताना सरळ," आई पुटपुटली. ते वाक्य तिनं देवाच्या आरतीसारखं पाठ केलं. कणीक मळताना म्हणायची, जनावरांना वैरण टाकताना म्हणायची.

राहिला प्रश्न टबाचा. घंगाळात आप्पांचं एक पाऊल मावलं. प्लॅस्टिकच्या पिंपात माणूस उभा राहतो, बसत नाही, आणि आप्पांना उभं राहता आलं असतं तर पिंप लागलंच नसतं. म्हशीच्या पाण्याच्या डोणीत बसवायचं ठरलं, तर म्हैस जागेवरनं हलेना.

तेव्हा दादा खाली मान घालून म्हणाला, "काहील."

मला वाटलं आप्पा आता पायातलं नसलेलं पायताण काढून मारतात.

कारण आप्पांचा कायदा होता. गुऱ्हाळाच्या छपराखाली मीठ येता कामा नये. मीठ लागलेली काहील गूळ धरत नाही, असं ते म्हणायचे. माणसं भाकरी खायला लांब बाभळीखाली जायची. लोणचं खाल्लेल्या माणसानं चूळ भरून, हात राखेनं घासूनच आत यायचं. एकदा मालकांचा नवा जावई खारे शेंगदाणे खात खात आत आला, तर आप्पांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढला होता आणि सगळ्या देखत खिसे झाडायला लावले होते. आणि आता त्याच काहिलीत मीठ, आणि मिठात आप्पा.

गोधडीवर उजवा हात पडला होता, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "उज्जे, दसरा कधी हाय गं?"

"आलाच की, आप्पा. घट बसत्यात परवा."

"न्या मग," आप्पा म्हणाले. "पर माघारी काहील चिचंनं घासायची. मालकाला कळाय नगं."

मालक बाजारसमितीच्या कामाला कोल्हापूरला गेलेले. गुऱ्हाळाची किल्ली दादाकडं. भर दुपारी आप्पांना बैलगाडीत घालून आम्ही नेलं. लंगोटीवर माणूस न्यायचा म्हणून आईनं वर चादर टाकली, पण टोपी मात्र काढू दिली नाही. "चार माणसांत बोडक्यानं?" ती म्हणाली. त्यामुळं आप्पा शेवटपर्यंत टोपीत होते.

चार माणसं म्हणजे आम्ही तिघं आणि निवृत्ती कंपौंडर. तो आपण दिलेला जुलाब विसरून 'मेडिकल माणूस जवळ पायजे' म्हणून आपणहून आला होता.

काहील चुलाणावर होतीच. खाट घालून वर दोघं झोपतील एवढी रुंद, आणि गुडघ्याच्या वर खोल. दादानं पाणी भरलं, खाली उसाची चिपाडं पेटवली. पाणी अंगाला सोसेल इतपत तापलं. मग बरणी ओतली. एवढ्या पाण्यात ते जांभळे खडे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एक लाडू.

कंपौंडरनं बरणीवरचं चित्र डोळ्याजवळ नेलं, मग काहिलीकडं बघितलं, मग हवेत बोटानं काहीतरी हिशेब केला. "डोस कमी पडतोय," तो म्हणाला. "ह्यो टब केवढा, ह्यी काहील केवढी! मीठ वाढवा."

दादा पळत घरी गेला आणि जनावरांच्या खड्यामिठाचं पोतं पाठीवर घालून आला. ते सगळं आत गेलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. पोतं झाडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आवळली.

काहील उचलायची जी साखळीची यारी असते, तिच्या आकड्याला गोणपाटाची झोळी बांधली. झोळीत आप्पा. दादा साखळी सोडायला लागला आणि आप्पा गोल गोल फिरत खाली यायला लागले, टोपीसकट.

"हळू रं! मी काय नारळ हाय?"

"पाय खाली घ्या, आप्पा!"

"कुठला? त्यो माजं ऐकत न्हाई, तुजं ऐकतोय का बग!"

शेवटी टेकले. आईनं पाठीला गवताची पेंडी लावली आणि ते काठाला टेकून बसले. दादा काठीनं पाणी ढवळायला लागला, आणि मग फेस आला. त्या मस्कतच्या खड्यांत काय होतं कोण जाणे, फेस वाढतच गेला. छातीपर्यंत आला, दाढीला लागला. आप्पा बरणीवरच्या बाईसारखे दिसायला लागले, मिशी सोडून.

आणि इथं आमच्या लोकांची खोड आडवी आली. काहिलीत फेस दिसला की आमच्या माणसाचे हात आपोआप चालतात. रसातली घाण, म्हणजे मळी, वर आणायला घालतात ती रानभेंडी दादानं कुंपणातनं उपटली, ठेचली, पाण्यात चोळून तिचा चिकट रस काढला आणि ओतला काहिलीत. आई मोठा झारा घेऊन काठावर बसली आणि फेस बाजूला काढायला लागली.

"काय करतोयस रं लेका?" आप्पा म्हणाले.

"मळी वर आणतोय," दादा म्हणाला.

"कुणाची?"

दादा थांबला. हातातल्या भेंडीकडं बघितलं.

"आन तू गं? माझी मळी काढतीस व्हय? रंग चांगला यील म्हणून?"

मला हसू आवरेना. आईही हसली. श्रावण-भाद्रपदात ती पहिल्यांदा हसली असेल. आप्पासुद्धा वाकड्या तोंडानं हसत होते. त्या नादात दादा चुलाणाच्या तोंडाशी गेला आणि सवयीनं चिपाडाच्या चार कवळा आत सारल्या. जाळ भडकला.

"सर्जा!" आप्पा ओरडले. "सर्जा, लेका, म्या गूळ न्हवं! जाळ ओढ! बूड भाजलं!"

"कुठलं? उजवं का डावं?" कंपौंडर लगबगीनं वाकला. "उजवं भाजल्यालं कळत आसंल तर गुण आला म्हणायचं!"

"तुजं बूड ठिव हितं, मग सांगतो कुठलं!"

दादानं जळती चिपाडं बाहेर ओढली. धूरच धूर झाला. त्या धुरातनं खोकत खोकत जोतीराम आला, आमच्या गावचा पोलीस पाटील. हातात घडी घातलेला पेपर, काखेत छत्री.

"कुणी हात लावू नगा!" तो म्हणाला. "सगळ्यांनी जाग्यावर ऱ्हावा! बाथ सॉल्ट कुठाय?"

"का? तुमचंबी पोट धरलंय का?" आई म्हणाली.

"पेपरात आलंय, हौसाक्का. बाथ सॉल्ट म्हंजी नशा हाय! फॉरेनात ह्या नावाची पावडर घित्यात. एकानं घेतली आन दुसऱ्या माणसाचं तोंड चावून खाल्लं!"

निवृत्ती कंपौंडर काहिलीपासून दोन पावलं मागं सरला. आप्पा फेसातनं त्याच्याकडं बघत होते.

"भिऊ नगंस, निवृत्ती," आप्पा म्हणाले. "वरचं दात मी गेल्या साली काढलं. तुला खायाचा तर आदी शिजवाय पायजे. ये आत, जागा हाय."

"त्यो माल येगळा, ह्यो माल येगळा," कंपौंडर म्हणाला. "नाव त्येच, कारण चोरून इकताना त्येनी ह्येचं लेबल लावत्यात. ह्ये निस्तं मीठ हाय." पण आपण बोट घालून चाटलं होतं हे त्याला आठवलं असावं. कारण तो हळूच खाली बसला आणि म्हणाला, "मला जरा गरगरतंय."

पोलीस पाटलानं रिकामी बरणी उचलली, उलटी केली, वास घेतला. "मुद्देमाल कुठाय?"

दादानं काहिलीकडं बोट दाखवलं.

जोतीरामानं काहील बघितली, फेस बघितला, फेसात टोपी घालून बसलेला माणूस बघितला. "ह्ये सगळं तालुक्याला कसं न्यायचं?" तो स्वतःशीच म्हणाला आणि छत्री टेकून विचार करत उभा राहिला.

तेवढ्यात मालकांची जीप वाजली. गुऱ्हाळाच्या धुराड्यातनं अवेळी धूर निघालेला त्यांना लांबूनच, हमरस्त्यावरनं, दिसला होता. ते आत आले आणि छपराखाली पाय ठेवताच थबकले. जमिनीवर मिठाचं रिकामं पोतं पडलं होतं.

"मीठ?" ते म्हणाले. आवाज आधी बारीक निघाला, मग मोठा झाला. "माझ्या काहिलीत मीठ? ज्या काहिलीत—केरबा! तू? दुसऱ्या कुणी केलं आसतं तर तूच त्येला जित्ता सोडला नसतास! दसरा तोंडावर आलाय, आन तू माझ्या काहिलीत..."

आणि आई किंचाळली.

फेस फाटला होता आणि आप्पांचा उजवा हात वर आला होता. तोच. लोंबणारा. कोपरापासून हळूहळू वर आला, पाण्यावर आडवा झाला, तळवा आभाळाकडं. आई झारा टाकून उठली. मालकांनी, मला अजून दिसतंय, पायातल्या वहाणा काढल्या. देवळात काढतात तशा.

"उचलला," आई म्हणाली. "बसताना वाकडं, उठताना सरळ. उचलला गं बाई, हात उचलला!"

मी आमच्या विहिरीत पोहायला शिकलेली. पाण्यात उताणं पडून हात सैल सोडला की तो आपला आपण वर येतो. आणि मिठाच्या पाण्यात तर जास्तच. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा हाताकडं बघतच नव्हते. ते मालकांकडं बघत होते.

"केरबा," मालकांचा आवाज ओला झाला होता. "लेका, उठलास म्हणायचं. आरं, मला तरी कुठं मुरगूडचा माणूस आणायची हौस हाय? त्येचा गूळ म्हंजी निस्ता चिखल. सर्जा, बाहिर काढ तुझ्या बाला. अंग पूस. आत्ताच सुपारी देतो."

आमच्याकडं गुळव्या नुसत्या शब्दावर ठरत नाही. मालकानं त्याच्या उजव्या हातात सुपारी ठेवायची आणि त्यानं मूठ मिटायची. मिटली की तो हंगाम त्याचा. मग कुणी मोडत नाही, मालकसुद्धा नाही.

दादा यारीकडं धावला.

"नगं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पाणी गार व्हाय लागलंय."

"आसू दे. बरं वाटतंय मला. हितंच द्या, मालक."

"आरं, ओल्या अंगानं सुपारी..."

"हितंच द्या."

मालक हसले. "हट्टी हाईस." त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारी काढली, कपाळाला लावली. धोतर सावरून काहिलीच्या काठाशी गुडघे टेकले आणि वाकून ती आप्पांच्या तळव्यावर ठेवली.

"मीट मूठ."

तळवा पाण्यावर तरंगत होता. त्यावर सुपारी. आप्पांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. डावा हात काठाला असा आवळला होता, की नखं पांढरी पडली. सगळं अंग जोर लावत होतं, तेवढी पाच बोटं सोडून.

"मीट की, केरबा."

"मिटतो," आप्पा म्हणाले. "जरा दम धरा."

त्या जोरानं पाणी हललं. बारीकशी लाट आली, तळवा कलंडला आणि सुपारी फेसात गेली.

कुणी काही बोलायच्या आत आई काहिलीत वाकली होती. खांद्यापर्यंत दोन्ही हात आत, तोंडाला फेस, पदर पाण्यात. ती चाचपत होती. "घावती," ती म्हणत होती, "थांबा मालक, घावती, कुठं जाती?" जोतीरामानं पेपर खिशात घातला. मग आईनं सुपारी वर काढली, आप्पांच्या तळव्यावर ठेवली, त्यांचं एक एक बोट धरून तिच्यावर मिटवलं आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"बगा मालक," ती म्हणाली. "धरली."

मालक हळू आवाजात म्हणाले, "हौसाक्का, तू हात सोड बगू."

"धरलीया न्हवं त्येनी."

"धरली आसंल तर सोड."

आईनं सोडलं नाही. दादानं यारीची साखळी हातात घेतली होती, ती त्यानं परत ठेवली. आप्पा छपराच्या पत्र्याकडं बघत होते. टोपीच्या कडेनं पाणी गळत होतं.

"सोड, हौसे," आप्पा म्हणाले.

तिनं मान हलवली. तिचे हात थरथरायला लागले होते आणि त्या थरथरण्यानं आप्पांची मूठ हलत होती. लांबून कुणी बघितलं असतं, तर त्याला वाटलं असतं मूठच हलतीय.

मालक गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मघाशी काढलेल्या वहाणा त्यांनी पायानं जवळ ओढल्या, आणि पाठमोरं होऊन एक एक पाय आत सरकवायला लागले.

"जाऊ नगासा, मालक," आई म्हणाली. "हिकडं बगा. धरलीया त्येनी."